इंकांच्या भिंती: दगड कापला कसा, यापेक्षा बसवला कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याची राजधानी कुस्को (आजच्या पेरूत), तिथल्या भिंतींच्या सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही. इंकांकडे लोखंड नव्हतं, चाकाची गाडी नव्हती, मग शंभर टनांचे दगड इतके चपखल बसवले कसे? व्हिडिओंमध्ये सांगतात तसे ते वितळवून ओतलेले आहेत का? खालचे अजस्र दगड इंकांच्याही आधीच्या एखाद्या विसरलेल्या लोकांचे आहेत का? आणि शेवटी, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यातून काही करता येईल का?

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं आणि जतनाचं काम करते. रोजचा संबंध आपल्या काळ्या दगडाशी आणि पाथरवटांशी. पेरू आणि बोलिव्हियातल्या भिंती मी मुद्दाम जाऊन पाहिल्या आहेत. त्या पाहताना माझं लक्ष दगडाच्या चेहऱ्यापेक्षा सांध्याकडे जास्त गेलं, कारण आमच्या कामात भिंत कशी बांधली हे सांधाच सांगतो.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. दगड घडवला कसा, वाहून आणला कसा आणि शेजारच्या दगडाशी जुळवला कसा. सगळी चर्चा पहिल्या दोनांवर होते. कोड्याचा गाभा मात्र तिसऱ्यात आहे, आणि त्याची बरीच उत्तरं भिंतीतच दिसतात.

आधी एक अट सांगते. उत्तर कुठल्या भिंतीबद्दल विचारता यावर अवलंबून आहे. इंकांनी बांधलेल्या बहुतेक भिंती साध्या आहेत: अनघड किंवा अर्धवट घडवलेले दगड आणि मातीचा गारा. घरं, कोठारं, शेताचे बांध असेच उभे राहिले. सुरी न शिरणारे सांधे मंदिरं, राजवाडे आणि मानाच्या जागा यांच्यापुरते राखून ठेवलेले होते. माचू पिक्चूत सूर्यमंदिराची गोलाकार भिंत आणि काही पावलांवरची घरं एकाच वस्तीतली आहेत, तरी त्यांच्या घडाईत जमीनअस्मानाचा फरक आहे. कुठे किती श्रम ओतायचे हे त्या वास्तूचा मान ठरवत होता.

आता घडाई. या विषयावर सर्वांत मोलाचं काम केलं ते बर्कलीच्या विद्यापीठातले वास्तुतज्ज्ञ ज्याँ-पिएर प्रोत्झेन यांनी, 1980च्या दशकात. ते थेट इंकांच्या खाणींवर गेले. कुस्कोच्या आग्नेयेला रुमिकोल्का ही अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाची खाण आहे आणि ओयांतायतांबो या इंका वस्तीच्या समोर, नदीपलीकडच्या डोंगरात, काचिकाता ही ऱ्हायोलाइट या दुसऱ्या ज्वालामुखी खडकाची. तिथे त्यांना घडाईच्या निरनिराळ्या टप्प्यांवर सोडून दिलेले दगड सापडले आणि त्यांच्यामध्ये पडलेले परके गोटे सापडले: क्वार्टझाइट, ग्रॅनाइट, बेसाल्ट. त्या खाणीच्या खडकात हे नसतात, म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम आणलेले. हेच त्यांचे हातोडे.

मग प्रोत्झेन यांनी स्वतः हातात गोटा घेतला. सुमारे 4 किलोचा क्वार्टझाइटचा गोटा घेऊन साधारण 25 × 25 × 30 सेंटिमीटरचा अँडेसाइटचा दगड घडवायला बसले. एक बाजू सपाट व्हायला 20 मिनिटं लागली. तीन बाजू आणि पाच कडा दीड तासाच्या आत झाल्या. जोर लावून मारायचं नाही, हे यातलं मर्म. गोटा दोन हातांत सैल धरून किंचित तिरपा सोडायचा, आदळण्याच्या क्षणी मनगटाला जरा वळण द्यायचं आणि उसळून वर आला की झेलायचा. काम गुरुत्वाकर्षण करतं. दगड तुटत नाही, त्याची पूड होत जाते. गार्सिलासो दे ला वेगा याने 1609 मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलं होतं, की या लोकांकडे काळ्या गोट्यांखेरीज हत्यार नव्हतं आणि ते दगड कापण्यापेक्षा ठेचत असत. त्याची आई इंका राजघराण्यातली होती आणि त्याचं लहानपण कुस्कोतच गेलं.

आमच्या पाथरवटांबरोबर मी ही पद्धत काळ्या दगडावर करून पाहिली आहे. टाकीची, म्हणजे छिन्नीची, सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला ती फार संथ वाटते, पण हात बसला की पृष्ठभाग विलक्षण एकसारखा येतो. टाकीने घडवताना ढलपी जास्त खोल निघून जाण्याची धास्ती असते. गोट्याने ती धास्ती जवळपास उरत नाही, कारण प्रत्येक ठोक्याला चिमूटभरच माल निघतो. चपखल सांध्यासाठी नेमकं हेच हवं असतं.

कडांचा भाग मला विशेष आवडतो. मोठ्या गोट्याने थेट कडेवर मारलं तर कड उडते. म्हणून तिथे लहान गोटे वापरले आणि ठोका कडेपासून बाहेरच्या दिशेने, घासून जाईल असा दिला. त्यामुळे इंकांच्या दगडांवर मधोमध मोठे खळगे आणि कडेला बारीक खळगे दिसतात, आणि कड काटकोनाहून जरा बोथट असते. दोन बोथट कडा शेजारी आल्या की सांधा आत दबल्यासारखा दिसतो आणि उन्हात त्यावर सावलीची रेघ उमटते. या भिंतींचं सौंदर्य म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते हत्याराच्या मर्यादेतूनच आलेलं आहे. ओतलेल्या दगडावर मधोमध मोठे आणि कडेला बारीक असे खळगे पडण्याचं काही कारण नाही.

आता जुळवणी. साक्सायवामान (कुस्कोच्या माथ्यावरचा इंकांचा तट) आणि ओयांतायतांबो इथे काही भिंतींचे वरचे थर निघून गेले आहेत. स्पॅनिशांनी साक्सायवामानचे दगड कुस्कोतल्या बांधकामांसाठी उतरवून नेले, त्यामुळे खालच्या थराची वरची बाजू उघडी पडली. तिथे उभं राहून पाहिलं तर खालच्या दगडांच्या माथ्यावर उथळ बैठका कोरलेल्या दिसतात. म्हणजे वरच्या दगडाचा तळ आधी तयार करत आणि त्या तळाच्या आकाराची बैठक खालच्या, आधीच रचलेल्या थरात कोरत. प्रत्येक नवा थर जुन्या थराला स्वतःच्या मापाने घडवून घेत वर चढला. म्हणूनच एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. हातून्रुमियोक गल्लीतला प्रसिद्ध बारा कोनांचा दगड आधी नकाशावर आखलेला असण्याची गरज नाही. आजूबाजूचे दगड बसत गेले तसतसे त्याचे कोन ठरत गेले.

पण कुठे उंच आहे, कुठे कमी करायचं, हे कळणार कसं? यासाठी लेसर लागत नाही. दातावर टोपी बसवताना दंतवैद्य निळा कागद चावायला देतात आणि डाग उमटला की तेवढंच घासतात, तसंच हे आहे. इथे निळ्या कागदाचं काम दगडाची पूड करते. दगड ठेवून उचलला की जिथे तो टेकला तिथली पूड दाबली गेलेली दिसते. तेवढंच ठेचायचं, पूड राहू द्यायची, पुन्हा ठेवून पाहायचं. प्रोत्झेन यांनी असाच एक सांधा जुळवून दाखवला. होसे दे आकोस्ता या जेझुइट लेखकानेही 1590 मध्ये लिहिलं आहे की एक दगड दुसऱ्याशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा लावून पाहावा लागला असणार.

आता तुमची सुरी. ती समोरून शिरत नाही हे खरं. पण सांधा आत किती खोलवर तसाच राहतो? आडवा सांधा, ज्यावर वरच्या दगडाचं वजन येतं, तो बहुधा पूर्ण जाडीभर चपखल असतो. उभा सांधा मात्र पुष्कळ भिंतींत दर्शनी बाजूने काही सेंटिमीटरच जुळवलेला असतो. मागे तो पाचरीसारखा रुंद होत जातो आणि त्यात चिपा आणि भराव घातलेला असतो. वजन जिथून जातं तिथे पूर्ण श्रम, जिथून जात नाही तिथे डोळ्यांपुरते. कुठलाही अनुभवी गवंडी असाच विचार करेल. दगड मऊ करून किंवा ओतून बसवले असते तर आडव्या आणि उभ्या सांध्यात असा फरक करण्याची गरजच पडली नसती. म्हणून वितळवण्याच्या कल्पनेविरुद्ध मला हा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गोट्याने सगळं उलगडत नाही. ओयांतायतांबोच्या परिसरात काही दगडांवर घासून किंवा करवतीसारखं कापल्याच्या खुणा आहेत, आणि त्या ठेचण्याच्या नाहीत हे प्रोत्झेन यांनीही नोंदवलं आहे. शिवाय पूड पाहून जुळवण्याची रीत काही टनांपर्यंतच्या दगडाला सहज लागू पडते. साक्सायवामानच्या सगळ्यांत मोठ्या चुनखडीच्या दगडांचं वजन शंभर टनांच्या वर धरलं जातं. असा दगड वीस वेळा उचलून पाहायचा म्हणजे वेगळीच कसरत. तिथे साचा करून किंवा माप एका दगडावरून दुसऱ्यावर उतरवून काम केलं असावं, असे तर्क मांडले गेले आहेत. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दगडांच्या खालच्या अंगाला राहिलेले उंचवटे आणि खाचा तरफ लावण्यासाठी किंवा दोर अडकवण्यासाठी होत्या, हे मात्र बहुतेक जण मानतात.

वाहतुकीबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे हिशेब सोपा आहे. काचिकाताच्या खाणीपासून ओयांतायतांबोपर्यंत डोंगरउतारावर बांधलेला रस्ता आजही दिसतो, आणि त्यावर वाटेत सोडलेले दगड पडलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. त्यातल्या काहींची एक बाजू गुळगुळीत झालेली आहे आणि तिच्यावर ओढण्याच्या दिशेने ओरखडे आहेत, म्हणजे ते जमिनीवरून घसरत आले. आता 50 टनांचा दगड घ्या. खडीच्या सपाट रस्त्यावर घर्षणांक 0.7 धरला तर 35 टनांचा ओढ लागेल. एक माणूस दोरावर साधारण 40 ते 50 किलोचा जोर टिकवून धरतो. म्हणजे 700 ते 900 माणसं. चढ असेल तर त्याप्रमाणे आणखी. आकडा मोठा आहे, पण त्या राज्याच्या आवाक्यातला आहे. स्पॅनिश इतिवृत्तकार सिएसा दे लेओन लिहितो की साक्सायवामानच्या कामावर 20,000 माणसं होती, त्यातली 4,000 दगड काढायला आणि 6,000 चामड्याच्या आणि वाखाच्या जाड दोरांनी ओढायला. तो आकडा तंतोतंत मानायचं कारण नाही, पण कामाची वाटणी ओळखीची वाटते. हे लोक मिता नावाच्या पाळीच्या श्रमसेवेतून यायचे आणि सरकारी कोठारांतून जेवायचे. कोठारं भरलेली नसती तर ती भिंत उभी राहिली नसती, त्यामुळे इंकांच्या स्थापत्याचा विचार करताना मला दगडाइतकीच मक्याची आणि वाळवलेल्या बटाट्याची साठवणही महत्त्वाची वाटते.

आता 'आधीचे लोक'. हा प्रश्न योग्य आहे, फक्त व्हिडिओंनी तो भलत्या ठिकाणी नेला आहे. अँडीज पर्वतरांगेच्या प्रदेशात दगडी बांधकाम इंकांच्या कितीतरी आधीपासून आहे. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या कारालमध्ये इसवी सनपूर्व 2600च्या सुमारास, गवताच्या जाळीदार पिशव्यांत दगड भरून चौथऱ्यांचा भराव रचला जात होता. चाव्हिन दे वांतारमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात मंदिराच्या पोटात दगडी बोळ आणि पाण्याचे नाले बांधले गेले.

सगळ्यांत जास्त वाद होतो तो बोलिव्हियातल्या तिवानाकूवर आणि तिथल्या पुमापुंकूवर. टिटिकाका सरोवराजवळची ही जागा इंकांच्या कित्येक शतकं आधीची. पुरातत्त्वज्ञ अलेक्सेई व्रानिच यांनी पुमापुंकूच्या सर्वांत जुन्या भरावातून घेतलेल्या नमुन्याचा रेडिओकार्बन काळ इसवी सन 536 ते 600 असा आला. तिथले दगड ग्रॅनाइटचे किंवा डायोराइटचे असल्याचं व्हिडिओंत ऐकाल. प्रत्यक्षात ते लाल वालुकाश्म आणि अँडेसाइट आहेत. सर्वांत मोठी वालुकाश्माची फरशी सुमारे 130 टनांची धरतात.

दोन्ही जागा लागोपाठ पाहिल्या की हे दोन वेगळ्या विचारांचे गवंडी आहेत हे लगेच जाणवतं. पुमापुंकूचे इंग्रजी 'एच' आकाराचे दगड एकमेकांसारखे आहेत. आतले कोपरे धारदार काटकोनात, पृष्ठभाग सपाट, मापं पुन्हा पुन्हा तीच. इथे गुण्या आहे, साचा आहे, आधी ठरवलेलं माप आहे. एक दगड काढून तिथे दुसरा बसवता यावा असा विचार आहे. शेजारचे दगड बांधून ठेवायला त्यांनी दोन्हींत खाच कोरून त्यात धातूचे आकडे घातले. काही आकडे तांब्याचा मिश्रधातू थेट खाचेत ओतून केलेले होते. इंकांच्या भिंतीत नेमकं उलट आहे. तिथे माप आधी नसतं, शेजारी ठरवतो. स्पॅनिश इतिहासकार कोबो सांगतो की पाचाकुती या इंका सम्राटाने तिवानाकू पाहून आपल्या माणसांना तसं बांधायला शिकायला सांगितलं. पण प्रोत्झेन आणि संशोधक स्टेला नेअर यांनी दोन्हीकडची घडाई शेजारी ठेवून तपासली तेव्हा तंत्रात तो वारसा दिसला नाही. प्रेरणा मिळाली असेल, कसब इंकांनी स्वतः घडवलं.

राहिला तुमचा 'खाली मोठे, वर लहान' हा मुद्दा. कुस्कोत फिरताना खाली अप्रतिम भिंत आणि वर ओबडधोबड दगडमाती दिसते, म्हणून खालचं काम कुठल्या तरी जुन्या, जास्त प्रगत लोकांचं, असा निष्कर्ष काढला जातो. पण वरचा भाग बहुतेक ठिकाणी स्पॅनिश काळातला किंवा नंतरच्या डागडुजीचा आहे. साक्सायवामानच्या जागी इंकांच्या आधी किल्के लोकांची वस्ती होती हे उत्खननातून माहीत आहे. त्या तटाच्या महाकाय भिंती मात्र इंकांच्याच. शिवाय ओयांतायतांबोत काम अर्धवट सोडलेलं आहे: खाणीत दगड, रस्त्यावर दगड, जागेवर दगड. सहा प्रचंड ऱ्हायोलाइट शिलांची ती भिंतही अपुऱ्याच राहिलेल्या मंदिराचा भाग आहे. एखाद्या बांधकामाचा पूर्ण क्रम असा एका नजरेत मिळणं दुर्मीळ असतं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना इंकाच आहेत.

तुम्ही सिव्हिलचे आहात म्हणून भूकंपाबद्दलही सांगते. 1650 आणि 1950 या दोन्ही वर्षी कुस्कोला मोठे धक्के बसले. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर बांधलेल्या सांतो दोमिंगो मठाची दोन्ही वेळा मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या आणि 1950 नंतर उलट जास्त मोकळ्या झाल्या. भिंतींना आतल्या बाजूला काही अंशांचा ढाळ आहे, दारं आणि कोनाडे वर अरुंद होत जातात, कोपऱ्यातले दगड दोन्ही भिंतींत गुंतलेले असतात, आणि कोरड्या सांध्यात थोडी सरक होऊन धक्क्याची ऊर्जा घर्षणात जिरते. तरीही या भिंती अजिंक्य नाहीत. माचू पिक्चूच्या मुख्य मंदिराचा एक कोपरा खालची जमीन खचल्यामुळे सांध्यांत उघडला आहे. सांधा कितीही चपखल असला तरी पाया हलला की तो फाकतोच. त्याच माचू पिक्चूत बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली, पायात आणि पाण्याच्या निचऱ्यात आहे, असं जलतज्ज्ञ केनेथ राइट यांच्या अभ्यासातून दिसलं. वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस झेलणारी ती वस्ती आजवर डोंगरावर टिकली त्यात या निचऱ्याचा वाटा फार मोठा आहे.

आता प्रकल्प. छोटी 'इंका भिंत' बांधायला जाऊ नका, ती सिमेंटच्या शोभेवर येऊन थांबेल. एकच आडवा सांधा करा. साधारण वीत-दीड वीत लांबीचे दोन काळे दगड घ्या, पोकळ्या आणि भेगा नसलेले. ठोकून पाहा, खणखणीत वाजला पाहिजे. नदीतले तीन-चार वेगवेगळ्या वजनांचे घट्ट गोटे जमवा. वरच्या दगडाचा तळ किंचित फुगीर घडवा, मग खालच्यात त्याची बैठक कोरा आणि पूड पाहत जुळवा. दर वेळी किती चौरस सेंटिमीटर भाग टेकला, किती वेळ गेला आणि गोटा किती झिजला, याची नोंद ठेवा. टेकलेला भाग वाढत जातो तसा पुढच्या प्रत्येक टक्क्याला लागणारा वेळ कसा बदलतो, याचा आलेख हाच तुमचा निष्कर्ष. नंतर तिरप्या फळीवर तोच जोड ठेवून तो कोणत्या कोनाला घसरतो ते मोजा आणि करवतीने सपाट कापलेल्या जोडाशी तुलना करा. एवढ्यात चांगला अहवाल होईल.

गोटे क्वार्टझाइटचे असतील तर त्यांच्या पुडीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. साधा रुमाल चालणार नाही. धुळीसाठीचा एन-95 मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावा, काम उघड्यावर करा. पूड पाहायची असल्याने दगड जुळवताना ओला करता येत नाही, पण ओबडधोबड घडाई करताना तो ओला ठेवा. दगड दोघांनी मिळून उचला आणि खाली ठेवताना बोटं मध्ये येणार नाहीत यासाठी दोन लाकडी पट्ट्या आधी सरकवा. जुळवणी सुरू झाल्यावर कुठे अडलात तर टेकलेल्या भागाचा फोटो इथेच टाका, पाहून सांगते.